मोडले तर कोण सांधणार?



पुण्याहून दिघीमार्गे आळंदीला निघाले, की वाटेत चऱ्होलीचा फाटा लागतो. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे येते. टेकडीवर वाघेश्वराचे देऊळ, खाली इंद्रायणी, आणि मधे गाव. हे चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. तोवर ते शेतकऱ्यांचे गाव होते. आज त्याच शिवारात उंच इमारती उभ्या आहेत, आणि नदीपलीकडे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे. आजोबांनी नांगर धरला आणि नातू लॅपटॉपवर काम करतो, अशी घरे इथे शोधावी लागत नाहीत. असे गाव पाहिले, की एक साधा प्रश्न मनात येतो. वस्तू मोडली तर ती कोण सांधणार? आणि ती मोडण्यात फायदा कोणाचा?

आता तुम्ही म्हणाल, हा कसला इतिहासाचा प्रश्न? चाकणच्या किल्ल्याची गोष्ट सांगा, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तो शाएस्तेखानाविरुद्ध कसा लढवला ते सांगा. ती गोष्ट सांगण्यासारखी आहेच. पण त्या वेळी गावात नांगराचा फाळ कोण नीट करीत होता, आणि त्याला त्याचे काय मिळत होते, हाही इतिहासच आहे. आणि आज दुकानात जाऊन लॅपटॉप विकत घेताना हा दुसरा इतिहास आपल्या जास्त उपयोगी पडतो. कसा, ते आता पाहू.

जुन्या गावात शेतकऱ्याचा फाळ बोथट झाला, की तो लोहाराच्या भात्याशी जाई. लोहार फाळ तापवून, ठोकून, शेवटून देई. नांगर, पाभर, कुळव यांचे लाकूडकाम सुताराकडे. लोखंड आणि लाकूड बहुधा शेतकऱ्याचे, मेहनत तेवढी कारागिराची. तिचा मोबदला त्याच दिवशी रोख मिळत नसे. पीक निघाले की खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. यालाच आपण बलुते म्हणतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिले. शिक्षकमंडळींपैकी ज्यांनी ते वाचले असेल त्यांना हा सगळा कारभार माहीत आहे.

या रीतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फाळ वर्षातून दोनदा बिघडला काय आणि दहादा बिघडला काय, लोहाराचे धान्य तेवढेच. उलट दहादा बिघडला तर त्याचीच मेहनत वाढायची. म्हणजे काम पक्के करण्यात शेतकऱ्याचेही हित आणि लोहाराचेही. वस्तू मोडण्यावर कोणाचे पोट भरत नव्हते.

पण थांबा. एवढ्यावरून ‘जुने ते सोने’ म्हणू नका. बलुते जातीला बांधलेले होते. लोहाराचा मुलगा लोहार आणि महाराचा मुलगा महार, यातून सुटका नव्हती. आणि गावात ढोर मेले तर ते ओढून नेण्याचे काम कोणाच्या माथी होते, हे तुम्हाला सांगायला नको. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा सुधारण्यासाठी विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने बंद करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले. तेव्हा ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणू नये. त्या काळातल्या दोन गोष्टी तेवढ्या गाठीला बांधून ठेवू. मोडण्यात कारागिराचा फायदा नव्हता, ही एक. आणि मेलेले उचलण्याचे काम गावाने दुबळ्यावर टाकले होते, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

पुढे कारखाना आला. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोक तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शंका होती. नांगर खपवायला फार खटपट करावी लागली. त्या शंकेला आज आपण हसतो. पण शेतकऱ्याची दुसरी अडचण हसण्यासारखी नव्हती. ओतीव लोखंड गावच्या लोहाराला ठोकून सांधता येत नाही, ते तडकते. मग मोडले तर काय करायचे? कारखान्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे सुटे भाग. झिजणारा फाळ बोल्टाने बसवायचा, आणि तसाच दुसरा फाळ बाजारात ठेवायचा. पाना हातात असला की शेतकरी स्वतःच तो बदलू शकतो. म्हणजे यंत्रयुग आले म्हणून दुरुस्ती संपते असे नाही. कारखानदाराने सुटा भाग दिला, तर दुरुस्ती भात्याजवळून उठून पान्याच्या टोकाशी येते, एवढेच.

आता ज्या साधनातून आपण बोलतो आहोत, त्या रेडिओचीच गोष्ट घ्या. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली या केंद्राने एक मोठा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. ज्या गावात वीज नव्हती तिथे संच बॅटरीवर चाले. बॅटरी संपली की संच मुका होई. त्यामुळे संचाच्या किमतीइतकाच बॅटरीचा आणि देखभालीचा प्रश्न महत्त्वाचा ठरे. पण त्या काळचा संच उघडता येत असे. मागची पाठ काढली की आत काचेचे व्हॉल्व्ह खोबणीत बसवलेले दिसत. एखादा जळाला तर तो उपसून तसाच दुसरा बसवायचा. म्हणून तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान निघे, आणि हुशार पोराला त्यात पोटापुरता धंदा मिळे.

तिसरे उदाहरण पिंपरी-चिंचवडचेच. १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यात बजाजची चेतक स्कूटर तयार होऊ लागली. ती मिळवायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. घरात स्कूटर आली की मुलांच्या लग्नापर्यंत चालायची. मागे स्टेपनी, बाजूच्या डिकीत पाना आणि जादा प्लग. चौकातला कोणताही मिस्त्री ती खोलू शके. इथेही खरे ते बोलले पाहिजे. आपण त्या काळी वस्तू जपत होतो, त्याचे एक कारण टंचाई हे होते. दुसरी स्कूटर मिळतच नव्हती, तर पहिली फेकणार कुठे? १९९१ नंतर बाजार मोकळा झाला, वस्तू भरपूर झाल्या, आणि आपली खरी परीक्षा सुरू झाली. पोटभर असताना अन्न न टाकणे हेच कठीण असते.

मात्र सगळा दोष गिऱ्हाइकाला देता येत नाही. वस्तू मोडण्यात ज्याचा फायदा आहे, तो काय करू शकतो याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात आहे. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एक संघ केला. त्याला फीबस असे नाव होते. दिवा एक हजार तासांहून फार जास्त टिकू नये, असे त्यांनी ठरवले. त्याआधी याहून जास्त टिकणारे दिवे बाजारात होते. ज्या कारखान्याचा दिवा ठरल्यापेक्षा जास्त जळे, त्याला दंड होई. दुसऱ्या महायुद्धाने हा संघ मोडला. आपल्या लोहाराची आठवण ठेवा आणि हे पाहा. तिथे पक्के काम करणाऱ्याचे कष्ट वाचत होते, इथे पक्के काम करणाऱ्याला दंड होत होता.

आता लॅपटॉप. वीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पाहिलेले लोक आपल्यात आहेत. खालचा खटका सरकवला की बॅटरी हातात येई. दोन-चार स्क्रू काढले की मेमरीची पट्टी बदलता येई. पुढे लोकांना पातळ आणि हलके यंत्र हवेसे झाले. हौस काही गैर नव्हे; पाठीवर ओझे वाहणाऱ्याला ते कळते. पण त्या पातळपणाची किंमत दुरुस्तीने दिली. पुष्कळ यंत्रांत बॅटरी आत गेली, काहींत ती चिकटवून टाकली. मेमरी मुख्य पट्टीवर कायमची झाळली. काही कंपन्यांनी स्क्रूही असे बसवले, की नेहमीच्या पेचकसाने निघू नयेत. बॅटरी तर तीन-चार वर्षांत दमतेच. मग दुकानदार म्हणतो, “गुरुजी, याला पार्ट येत नाहीत हो. एवढा खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या.” बैल धडधाकट आणि जू मोडले म्हणून बैल विकायचा, तसा हा प्रकार.

कधी यंत्राला काहीच झालेले नसते, आणि तरी ते बाद ठरते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून होणारी मोफत सुधारणा सर्वसाधारणपणे थांबली. नवी प्रणाली कित्येक जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणजे पडदा चांगला, कळफलक चांगला, पण यंत्र म्हातारे ठरले. यावर उपाय आहे. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली जुन्या यंत्रावर घालता येते. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत. आपल्या शिक्षकांनी हे करून पाहायला हरकत नाही.

आता गाठीला बांधलेली दुसरी गोष्ट सोडू. मेलेले यंत्र कोण ओढून नेतो?

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधल्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद शेकडा २२ इतकीच. बाकीचा कुठे जातो? बराचसा भंगाराच्या वाटेने जातो. भंगारवाला तो वजनावर घेतो. पुढे तांब्यासाठी तारा जाळतात. सोन्याच्या कणासाठी सर्किटच्या पट्ट्या आम्लात बुडवतात. दिल्लीच्या सीलमपूर भागात हे काम उघड्या हातांनी चालत आल्याचे जगाने पाहिले आहे. त्या धुरात शिसे असते, प्लॅस्टिकचे विष असते. आम्ल शेवटी मातीत आणि पाण्यात जाते.

चऱ्होलीपासून काही मैलांवर, इंद्रायणीच्याच खोऱ्यात, चिखलीची कुदळवाडी आहे. सगळ्या कारखानी पट्ट्याचे नाना तऱ्हांचे भंगार तिथे येत असे. आगी लागत, काळा धूर गावावर पसरे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तिथली चार हजारांवर बांधकामे पाडली. धूर कमी झाला असेल. पण पोट तिथे भरणारी माणसे कुठे गेली, आणि भंगार कुठे गेले? आपण टाकायचे थांबत नाही तोवर ते कुठेतरी जाणारच. आळंदीला नदीवर पांढरा फेस येतो, त्याचे फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत. तो फेस मुख्यतः सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या पाण्याचा. त्याचा दोष लॅपटॉपवर ढकलू नये. पण नदी एकच आहे, आणि प्रत्येक जण आपापला वाटा तिच्यात टाकतो आहे.

शहरात हा कचरा वेचणाऱ्या बायका कोण, हेही पाहिले पाहिजे. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. तिच्यातल्या बहुसंख्य बाया दलित समाजातल्या आहेत. त्यांनी संघटित होऊन भांडून, पुणे आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांकडून ओळखपत्रे मिळवली. कचरा वेचणे हेही काम आहे, हे त्यांनी कबूल करायला लावले. पण ओळखपत्राने कचऱ्यातले विष कमी होत नाही. वतन कायद्याने गेले, ढोरे ओढण्याची सक्ती गेली, आणि मेलेली यंत्रे मात्र पुन्हा त्याच हातांत जाऊन पडली. श्रोतेहो, या गोष्टीची आपल्याला लाज वाटली पाहिजे. लॅपटॉप घेताना खिशातून जाते ती एक किंमत. दुसरी किंमत दुसराच कोणीतरी आपल्या फुप्फुसाने देतो.

सरकार गप्प बसले आहे असे नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले. सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आपण विकलेल्या वस्तूच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकाने घ्यायची, हे त्यांचे मूळ तत्त्व. २४ डिसेंबर २०२२ रोजी, ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. तिथे सुट्या भागांची आणि सेवेची माहिती पाहता येते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी गुण छापावे लागतात, की हे यंत्र दुरुस्त करणे किती सोपे आहे. आपल्याकडेही मोबाइल आणि टॅबलेटसाठी असा निर्देशांक असावा, अशी शिफारस एका सरकारी समितीने मे २०२५ मध्ये केली. पण कायदा दिल्लीत होतो आणि खरेदी आपल्या गावात होते. म्हणून शेवटचा शब्द आपलाच.

समजा, तुमच्या शाळेला दहा लॅपटॉप घ्यायचे आहेत. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मुलांकडून सोडवून घ्यावे. आकडे उदाहरणापुरते आहेत. एक यंत्र ४०,००० रुपयांचे, पण उघडता न येणारे. ते चार वर्षे चालले. वर्षाला १०,००० रुपये पडले. दुसरे ४८,००० चे. चौथ्या वर्षी त्यात ८,००० रुपयांची बॅटरी आणि कळफलक घातला, आणि ते आठ वर्षे चालले. वर्षाला ७,००० रुपये पडले. आठ वर्षांत पहिल्या जातीची वीस यंत्रे भंगारात जातील, दुसऱ्या जातीची दहा. शिवाय लॅपटॉपपायी हवेत जाणाऱ्या कर्बवायूचा मोठा वाटा तो वापरण्यात नसतो, तो बनवण्यातच असतो. म्हणजे चाललेले प्रत्येक जादा वर्ष हे तेवढे नवे यंत्र न बनवण्यासारखे आहे. स्वस्त काय आणि महाग काय, हे मुलेच सांगतील.

तेव्हा दुकानदाराला चार प्रश्न विचारा. विचारताना भीड बाळगू नका. पहिला, बॅटरी कोणाला बदलता येते, आणि तिची आजची किंमत काय? दुसरा, मेमरी आणि साठवणुकीचा भाग वाढवता येतो का, की झाळून टाकला आहे? तिसरा, सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि हे लेखी देता का? चौथा, हे यंत्र बाद झाले तर परत कोण घेणार? यातल्या दोन प्रश्नांचेही उत्तर मिळाले नाही, तर उठून पुढच्या दुकानात जा. आणि पहिल्यांदा घरी विचारा, की नवीन खरेच लागते आहे का? जुने दुरुस्त होईल का? दुरुस्त करून विकलेले चांगले यंत्र हमीसह मिळत असेल, तर त्यात कमीपणा काही नाही.

बाद झालेले यंत्र माळ्यावर टाकू नका, आणि घंटागाडीतही टाकू नका. ते नोंदणी असलेल्या संकलकाकडेच द्या. देण्यापूर्वी आतली माहिती पुसा. बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू-ठोकू नका. ती पेट घेते. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने वर्षातून एकदा सगळ्यांचा ई-कचरा एकत्र करून रीतसर पाठवला, तर ते काम एकेकट्याला जड जाणार नाही. आणि गावात कोणी पोरगा लॅपटॉप उघडून पाहत असेल, तर त्याला ‘बिघडवशील’ म्हणून ओरडू नका. त्याला एक मोडके यंत्र आणि एक पेचकस द्या. जुन्या लोहाराची जागा रिकामी आहे. ती आता जातीची नाही. शिकेल त्याची आहे, मुलगा असो वा मुलगी.

आपल्या आजोबांचा फाळ मोडला तर त्यांना कुठे जायचे ते ठाऊक होते. नवी वस्तू घरी आणताना आपल्यालाही ते ठाऊक असावे, एवढेच आज सांगायचे होते.